पुण्यात नोकरीला आलात, आता माणसं कुठून आणायची?

मी २०१४ च्या जूनमध्ये परभणीहून पुण्यात आले तेव्हा सोबत दोन बॅगा, आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि हिंजवडीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर होतं. वाकडला पीजी मिळालं. खोलीतल्या तिघीही त्याच कंपनीतल्या. कॅब एकत्र, जेवण एकत्र, वाढदिवसाचे केक एकत्र. पुण्यात आपलं बस्तान झकास बसलंय, या समजात दोन वर्षं गेली. मग मी नोकरी बदलली. निरोपाचं भलंमोठं कार्ड मिळालं, त्यावर पंचवीस-तीस सह्या आणि 'टचमध्ये राहा गं' असं चार जणींनी लिहिलेलं. पुढच्या दीड महिन्यात ऑफिसच्या संबंधातले फोन आले दोन. एक एचआरचा, आयडी कार्ड जमा करायचं राहिलं म्हणून. दुसरा पगाराचं खातं होतं त्या बँकेचा, कर्ज हवंय का म्हणून.

यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. आम्हाला बांधून ठेवणारी गोष्ट सॉफ्टवेअर रिलीजची तारीख होती आणि ती संपली होती. पण त्यानंतरचे रविवार मात्र खायला उठले. दुपारी चार वाजता खोलीत बसून आठवत होते की या चाळीस लाखांच्या वर वस्तीच्या शहरात, उद्या ताप आला तर औषध आणून द्यायला कुणाला हाक मारायची. नाव सुचेना.

त्यानंतर चुकतमाकत जे जमलं ते इथे क्रमाने सांगते आहे. उदाहरणं पुण्याची आहेत कारण मला पुणंच माहीत आहे. नाशिकला किंवा नागपूरला असाल तर टेकडीचं नाव तेवढं बदला.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाका

बाहेरून आलेला प्रत्येक जण पहिल्या सहा महिन्यांत हे वाक्य म्हणतोच: पुण्यातली माणसं तुटक आहेत. मीही म्हणायचे. नंतर लक्षात आलं की इथल्या माणसाचे मित्र शाळेपासूनचे असतात, त्याचे चुलतभाऊ तीन गल्ल्या सोडून राहतात, आणि त्याचा शनिवार-रविवार लग्न, बारसं, मुंज यांनी आधीच भरलेला असतो. त्याला तुमच्याबद्दल राग नाही, त्याच्याकडे जागा नाही.

जागा दोन प्रकारच्या माणसांकडे असते. एक, तुमच्यासारखेच नुकतेच आलेले. दुसरे, नुकतेच निवृत्त झालेले. या दुसऱ्या प्रकाराकडे विशी-तिशीतली माणसं बघतच नाहीत आणि तिथेच चुकतात. पुण्यातले माझे पहिले मित्र ओळख झाली तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते.

पायरी पहिली: आधी अंतर मोजा, मग आवड शोधा

सगळे उलटं करतात. 'मला गाण्याची आवड आहे' इथून सुरुवात करतात, मग चांगला क्लास सदाशिव पेठेत सापडतो आणि राहतात वाकडला. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठ चौकात पन्नास मिनिटं अडकतात. तिसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. चौथा आठवडा नसतो.

कागद घ्या. राहत्या घरापासून पायी किंवा दुचाकीने वीस मिनिटांत कुठे कुठे पोचता येतं ते लिहा: टेकडी, बाग, वाचनालय, मैदान, बॅडमिंटनचं कोर्ट, तालीम चालते असा हॉल, देऊळ, पोहण्याचा तलाव. मेट्रोच्या वाटेवर राहत असाल तर वर्तुळ जरा मोठं करा. २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मार्ग सुरू झाला आणि तो पुढे वाढत गेला, त्यानंतर कोथरूडकरांचं अंतराचं गणित बदललं. या यादीतलं जे काही जमेल त्याची आवड लावून घ्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण आवड लागते. अंतर कमी होत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी कोण कुणाचा मित्र होतो याचा अभ्यास केला होता, तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वभाव, आवडीनिवडी हे सगळं असतंच, पण सगळ्यात जास्त मैत्री शेजारच्या दाराशी झाली होती. जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी जास्त, कारण येता-जाता तेच दिसायचे. आपल्याकडे वाड्यात नळावर आणि चाळीच्या गॅलरीत जे घडायचं, तेच हे.

अजून भाड्याचं घर घेतलं नसेल तर तुम्ही नशीबवान आहात. ऑफिसपासूनचं अंतर बघता तसं हेही बघा.

पायरी दुसरी: एकच गोष्ट निवडा, आणि तिला तीन प्रश्न विचारा

ती दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी होते का? तीच तीच माणसं येतात का? तिथे हाताला काही काम असतं का?

तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर डोळे मिटून जा. एकाचंही 'नाही' असेल तर करमणूक म्हणून जा, माणसं मिळण्याची अपेक्षा ठेवू नका. पहिल्या पावसाळ्यात मी पाच ट्रेक केले. रात्री शिवाजीनगरहून बस, चाळीस अनोळखी माणसं, गडावर ओळखीचा गोल, भिजलेल्या बुटांचे फोटो, परत. पाच ट्रेकमध्ये दोनशे माणसं भेटली आणि एकही दुसऱ्यांदा भेटलं नाही. गड मात्र छान पाहून झाले, ते वेगळं.

कॅन्सास विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये या विषयावर आकडे काढले. तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, खरी मैत्री व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवाभावाची व्हायला २०० च्या वर. त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं पुढे आहे: नुसतं एकत्र काम करण्यात गेलेले तास त्या मानाने फारसे उपयोगी पडत नाहीत. म्हणजे माझ्या त्या दोन वर्षांतल्या कॅब आणि मीटिंगा हिशेबात जवळजवळ धरायच्याच नाहीत.

आता हा हिशेब पुण्याला लावून बघा. टेकडीवर आठवड्यातून तीन सकाळी सव्वा तास गेलात तर ५० तास व्हायला साधारण तीन महिने लागतात. ढोल पथकात आठवड्याचे पाच दिवस अडीच तास सराव केलात तर आठ आठवड्यांत १०० तास. महिन्यातून एकदा कुठल्यातरी कार्यक्रमाला दोन तास जात असाल तर ५० तासांना दोन वर्षं. म्हणून एकच गोष्ट निवडा म्हणते. चार ठिकाणी थोडं थोडं गेलात तर चारही ठिकाणी कायम नवखेच राहाल.

पायरी तिसरी: जागा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे टेकडी. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती, कोथरूडची म्हातोबा, बाणेरची टेकडी. पुण्यात जवळपास कुठेही राहिलात तरी एखादी वाट्याला येते. वर्गणी नाही, गणवेश नाही, कौशल्य नाही. नियम एकच, वेळ ठरलेली ठेवा. सहा दहाला म्हणजे सहा दहाला. टेकडीवरची माणसं घड्याळासारखी असतात. सव्वासहाला दोन लॅब्राडोर घेऊन येणारे वेगळे आणि सातला हास्यक्लबवाले वेगळे. आज सहाला, उद्या साडेसातला गेलात तर रोज नवीन टेकडी भेटेल.

पहिले दोन आठवडे कुणी बोलणार नाही. तिसऱ्या आठवड्यात मान हलेल. उन्हाळा असेल तर काम सोपं, कारण मार्च ते मे टेकड्यांवर लावलेल्या रोपांना पाणी घालणारे गट असतात. पाच लिटरचा कॅन घेऊन चढायला लागा आणि 'हे कुठल्या झाडाला घालू?' एवढं विचारा. मी हेच केलं. ज्यांना विचारलं ते वीज मंडळातून निवृत्त झालेले काका. त्यांनी आधी मला कॅन चुकीचा धरलाय म्हणून सुनावलं, मग शिरीष आणि सुबाभूळ यातला फरक दाखवला, आणि आठवडाभराने एका रोपाची जबाबदारीच माझ्या गळ्यात घातली. त्या रोपापायी मी मे महिन्यात गावी जाताना दोघांना पाणी घालायला सांगून गेले. ज्यांना सांगून गेले त्यांचे फोन नंबर त्या निमित्ताने घेतले गेले.

२०२३ मध्ये वेताळ टेकडीवरून नेण्याच्या रस्त्याला विरोध म्हणून माणसं मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरली, तेव्हा वर्षानुवर्षं नुसती मान हलवणारे फलक रंगवायला एकत्र बसले. एकत्र भांडण करण्याइतकं माणसांना जवळ आणणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

दुसरी जागा, तरुण असाल आणि कानाला झेपणार असेल तर, ढोल-ताशा पथक. बाहेरच्यांना वाटतं की पथकात जायला पेठेत जन्मावं लागतं. तसं काही नाही. गणेशोत्सवाच्या साधारण दोन-अडीच महिने आधी वाद्यपूजन होतं आणि सराव सुरू होतो. बहुतेक पथकं त्याच सुमारास नवे वादक घेतात, आणि कधीही टिपरू हातात न धरलेले घेतात. नदीपात्रात, पुलाखाली, उपनगरांतल्या मोकळ्या मैदानांत संध्याकाळी आवाज येईल त्या दिशेला जा आणि 'नवीन नोंदणी सुरू आहे का?' विचारा. काही पथकं गणवेशाचे आणि वाद्याच्या देखभालीचे पैसे घेतात, ते आधी विचारून घ्या. हजेरीबाबत सगळीच कडक असतात, सराव बुडवला तर मिरवणुकीत उभं करत नाहीत. ऑफिसमध्ये आधीच सांगून ठेवा की दोन महिने साडेसहाला निघणार. मॅनेजरला ढोल म्हटलं तर कळतं, 'पर्सनल कमिटमेंट' म्हटलं तर कळत नाही.

पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात, कंबर धरते. कानात बोळे घालाच. जुने वादक हसतील, हसू द्या. पण ठेका बसतो त्या संध्याकाळी, म्हणजे चाळीस जणांचा ढोल एका वेळी पडतो तेव्हा, शेजारी उभी असलेली मुलगी कुठल्या जिल्ह्यातली, कुठल्या जातीची, किती पगाराची हे काहीही डोक्यात राहत नाही. सराव संपल्यावर घामाघूम होऊन वडापाव खाताना पहिल्यांदा खऱ्या गप्पा होतात. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते. आपल्या नंबराची वाट बघत टिळक रस्त्याच्या फुटपाथवर पहाटे तीनला ज्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलात, ती माणसं नंतर विसरत नाहीत. वर्षाचे उरलेले दहा महिने रक्तदान, सहली, कुणाच्या तरी बहिणीचं लग्न यावर पथक चालतं.

(गणेशोत्सव सार्वजनिक कुणी केला, लोकमान्यांनी की भाऊसाहेब रंगारींनी, हा विषय नव्या वादकाने पहिल्या वर्षी काढू नये.)

नाटक ही तिसरी जागा. अभिनय येत नाही म्हणून घाबरू नका, कुठल्याही हौशी संस्थेला नट मिळतात. मिळत नाही तो नेपथ्य उचलणारा, प्रकाशयोजनेच्या माणसाला वायर देणारा, वेळेवर संगीत सोडणारा आणि तालमीला प्रॉम्प्टिंग करणारा. भरत नाट्य मंदिरात किंवा शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर प्रायोगिक नाटक बघायला जा. प्रयोग संपल्यावर थांबा आणि सेट उतरवणाऱ्याला विचारा, 'हात लावू का?' शासनाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी तालमी सुरू झाल्या की या संस्थांना माणसं कमी पडायला लागतात. तालीम रात्री आठ ते अकरा, महिना-दीड महिना रोज. तास तुम्हीच मोजा.

वाचनालयात मैत्री होत नाही, तिथे बोलायला मनाई असते. तरी पुणे नगर वाचन मंदिराचं सभासद व्हा. संस्था १८४८ ची आहे, आणि मराठवाड्यातून आलेल्या माणसाला लक्ष्मी रस्त्यावर उभं राहायला एक हक्काचं कारण मिळतं. त्यापेक्षा उपयोगी वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ही व्याख्यानमाला एप्रिल-मे मध्ये ओळीने रोज चालते. रोज एकाच रांगेत बसा. पाचव्या दिवशी शेजारच्या आजी 'काल आला नाहीत?' विचारतात. डिसेंबरातल्या सवाई गंधर्व महोत्सवाबद्दल सगळे सांगतील. अवश्य जा, भारतीय बैठकीचं तिकीट काढा, पण तिथे माणसं आपापल्या गोतावळ्याने आणि डब्यांसकट येतात. ओळख व्हायची तर ती कुणाच्या तरी सतरंजीवर जागा मागितल्याने होते.

नदीचं काम करणारी जीवितनदी ही संस्था आहे, काठावर फिरायला नेते, काठाचा तुकडा दत्तक घ्यायला सांगते. अंगमेहनत आवडत असेल तर ते बघा. आषाढात ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात दोन मुक्काम करतात, तेव्हा चहा वाटायला, वारकऱ्यांचे पाय चेपायला शेकडो हात लागतात. आपल्यासारख्या कंपन्यांतल्या लोकांनी सुरू केलेली आयटी दिंडी आळंदीहून पुण्यापर्यंत चालते. हे वर्षातून एकदाच, म्हणून माझ्या तीन प्रश्नांत बसत नाही. पण आठ तास एकत्र चालणं ही वेगळी चीज आहे.

क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटन खेळता येत असेल तर तुम्हाला या लेखाची गरज नाही. टर्फवर एक माणूस नेहमीच कमी असतो.

आपल्या जिल्ह्याचं मंडळ: जावं की नाही?

जावं, पण त्यावर थांबू नये. पुण्यात जवळपास प्रत्येक जिल्ह्याची मंडळी कुठल्यातरी नावाने जमतात. तिथे पहिल्या दिवशी कुणीतरी 'काय करायलीस?' असं विचारतं आणि डोळ्यांत पाणी येतं. खोली, मेस, ओळखीचा डॉक्टर, गावी जाणाऱ्या गाडीत सीट, सगळं तिथे मिळतं. अडचण अशी की तिसऱ्या भेटीत तुमच्या लग्नाचा विषय निघतो आणि पाचव्या भेटीत निवडणुकीचा फ्लेक्स. मी वर्षातून दोनदा जाते, संक्रांतीला आणि हुरड्याला.

बोलीचा विषय निघालाच आहे तर सांगते. ऑफिसात माझ्या 'करायलीस'वर हशा पिकायचा, म्हणून मी वर्षभर अंग चोरून बोलत राहिले. अंग चोरून बोलणाऱ्याशी कुणाची मैत्री होत नाही. टेकडीवरच्या काकांनी एकदा विचारलं, 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' तिथून माझी परभणी परत आली. जिथे बोली सोडावी लागते ती जागा सोडा.

पायरी चौथी: पहिले तीन-चार वेळा काय करायचं

नावं लक्षात ठेवा. मला जमत नाही, म्हणून मी घरी येऊन फोनमध्ये लिहायचे: 'टेकडी, लाल टोपी, मुलगी कॅनडाला'. पुढच्या वेळी 'मुलगी येणार होती ना दिवाळीला?' एवढं विचारलं की माणूस फुलतो.

स्वतःची माहिती सगळी एकदम ओतू नका. पॅकेज, प्रोजेक्ट, ऑनसाइट हे शब्द टेकडीखाली ठेवून या.

'अहो'ने सुरुवात करा, वय काहीही असो. मराठवाड्या-विदर्भातून आलेल्यांना हे परकं वाटतं, आपण दुसऱ्या वाक्याला 'दादा', 'ताई'वर येतो. पुण्यात 'अहो'चं 'अरे' होणं हा एक सोहळा असतो आणि तो समोरच्याने करायचा असतो. माझ्या एका मैत्रिणीने मला सात महिन्यांनी 'अगं' म्हटलं. तारीख लक्षात आहे, सांगणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: लहानसं, कंटाळवाणं काम अंगावर घ्या. हजेरी लिहिणं, चहाचे पैसे गोळा करणं, किल्ली सांभाळणं. किल्ली ज्याच्याकडे असते त्याला यावंच लागतं, आणि तो आला नाही तर सगळे त्याला फोन करतात. नवख्याला याहून चांगली जागा नाही.

पायरी पाचवी: ओळख त्या जागेबाहेर काढा

इथे बहुतेकांची गाडी अडते. टेकडीवर दोन वर्षं रोज हसणारी माणसं टेकडीखाली एकमेकांना ओळखत नाहीत. 'भेटू एकदा' हे वाक्य बंद करा, त्याचा अर्थ 'भेटायचं नाही' असाच होतो. असं म्हणा: 'गुरुवारी साडेसातला कर्वे पुतळ्याजवळच्या अमृततुल्यला चहा घेऊ या का? मला अर्धा तास आहे.' दिवस, वेळ, जागा आणि सुटण्याची वेळ, चारही गोष्टी ठरल्या की समोरच्याला 'हो' म्हणणं सोपं जातं. नाही म्हणाले तर पंधरा दिवसांनी एकदाच पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही नाही आलं तर तिथे टेकडीपुरतीच ओळख ठेवा, तीही वाईट नसते.

पैशाचं टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) ठेवा, पहिल्यापासून. एकाने सारखे पैसे भरले की दुसरा यायचा थांबतो.

मग घरी बोलवा. घर लहान आहे, खुर्च्या दोनच आहेत, रूम पार्टनर काय म्हणेल, ही सगळी कारणं मी दिली आहेत. शेवटी दिवाळीनंतर आईने पाठवलेले धपाटे आणि दही एवढ्यावर चार जणांना बोलावलं आणि सगळे जमिनीवर पेपर अंथरून जेवले. तुमच्या गावची वस्तू पुढे ठेवा, ऑर्डर करून पिझ्झा मागवू नका. धपाट्यावर तासभर बोलता येतं. पिझ्झ्यावर काय बोलणार?

मदत मागा. सुतार कुठे मिळेल, चांगला दातांचा डॉक्टर कोण, गॅसचं कनेक्शन कसं बदलायचं. पुण्यातल्या माणसाला पत्ता सांगण्याइतकं सुख कशातच नाही, आणि पत्ता सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात 'झालं का काम?' हे विचारणं त्याला भागच पडतं.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल एकच: वेळ आणि जागा कळवण्यापुरता वापरा. ग्रुपवर शंभर मेसेज झाले म्हणजे एक तासही धरायचा नाही.

मुलींसाठी थोडं वेगळं

अंधारात टेकडीवर एकट्या जाऊ नका. उजाडल्यावर, वर्दळीच्या वाटेने जा, आणि पहिले काही आठवडे बायकांच्या गटाच्या मागे-पुढे राहा. त्याच बोलावतात. पथकात सामील होण्याआधी एक सराव नुसता उभं राहून बघा: मुली किती आहेत, रात्री त्यांना घरी सोडायची काय व्यवस्था आहे, प्रमुख लोक त्यांच्याशी कसं बोलतात. नवरात्रात सोसायटीत भोंडला असेल तर लाजू नका, भाडेकरू असलात तरी जा. गाणी येत नसतील तर खिरापत घेऊन जा. डबा हलवून आवाजावरून सगळ्या ओळखायला लागतात आणि तुमची ओळख आपोआप होते. मी पहिल्या वर्षी करडईच्या भाजीचे मुटके नेले होते. कुणालाच ओळखता आलं नाही. पुढची दोन वर्षं मी 'मुटकेवाली' होते.

कुठून उठून यायचं

अतिशय लवकर, अतिशय गोड मैत्री करणारा माणूस तिसऱ्या भेटीत 'तुझं पॅसिव्ह इन्कमचं काही प्लॅनिंग आहे का?' असं विचारत असेल तर चहा संपवा आणि निघा. नव्याने शहरात आलेली, एकटी, पगारदार मुलं-मुली हे साखळी विक्रीवाल्यांचं आवडतं गिऱ्हाईक आहे. मीही एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये तीन तास टाळ्या वाजवून आले आहे. तसंच, जुन्या मित्रांशी, घरच्यांशी बोलू नका असं सुचवणारा कुठलाही गट, मग तो अध्यात्माचा असो वा फिटनेसचा.

नुसतं जमत नाही म्हणून सोडायचं असेल तर सहा आठवडे द्या. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक जागा नकोशी वाटते. सहाव्यानंतरही जायच्या दिवशी पोटात गोळा येत असेल तर ती जागा तुमची नाही, यादीतली दुसरी घ्या.

आणि काही वेळा प्रश्न माणसं मिळण्याचा राहिलेला नसतो. झोप उडाली आहे, उठवत नाही, कुणी भेटूच नये असं वाटतं, असं दोन-तीन आठवडे चाललं तर टेकडी पुरत नाही. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जा. मी गेले होते.

रिलीजच्या महिन्यात

सगळं जमून आलेलं असतं आणि मग ऑफिसात आग लागते. तीन आठवडे टेकडी बंद. अशा वेळी न सांगता गायब होऊ नका. 'वीस तारखेपर्यंत येणार नाही, माझ्या झाडाला कुणीतरी पाणी घाला' एवढं सांगा. परत गेल्यावर दोन दिवस टोमणे बसतात, ते ऐकून घ्यायचे.

गेल्या वर्षी अकरा महिन्यांचा करार संपला आणि घरमालकांना मुलासाठी फ्लॅट हवा होता. ऑफिसजवळ, बालेवाडीत, छान टू बीएचके मिळत होतं. काकांनी त्यांच्या मागच्या गल्लीतली एक खोली-किचन बघून ठेवली होती. तिथून टेकडीचं फाटक नऊ मिनिटं. भाडं हजाराने जास्त, लिफ्ट नाही, पार्किंगवरून खालच्या मजल्याशी भांडण ठरलेलं. सामान चढवायला पथकातली सहा मुलं आली होती, आणि जिन्यात फ्रिज अडकला तेव्हा तो कसा वळवायचा हे काका खालून ओरडून सांगत होते, चुकीचं.